कॅमेरा राहू दे, आधी ती पॉलिसी परत करा

प्रश्न: मी फोंड्याची, वय ३१. सीझनला १४ लग्नांचं शूट करते, एरवी सायनोटाइप प्रिंट (उन्हात उमटवलेले निळे फोटो) आणि व्हिडिओ इन्स्टॉलेशन. फुल-फ्रेम कॅमेरा बॉडी आणि ७०-२०० लेन्स दिवसाला साडेतीन हजार भाड्याने आणते. आता साडेचार लाखांना दोन्ही विकत घ्यावं म्हणते. कर्ज १४ टक्क्यांनी, ३ वर्षांचं. हप्ते प्रिंट विकून फिटतील. (डिसेंबरच्या लग्नांचे अ‍ॅडव्हान्स आले, त्यातून पेन्शनची पॉलिसीही घेतली: वर्षाला १ लाख २० हजार, १० वर्षं; २० वर्षांनी २२ लाख. कागद १२ ऑगस्टला आले.) कर्ज घेऊ का?

उत्तर: नको. हप्ता साधारण १५,४००, म्हणजे वर्षाला १ लाख ८५ हजार. १४ लग्नं, दोन-दोन दिवस, भाडं ९८ हजार. तेही गिऱ्हाइकाच्या बिलात लावता येतं. शिवाय पावसाचे चार महिने लेन्स घरात पडून राहणार. आर्द्रता ४५ टक्क्यांच्या आसपास राखणारं ड्राय कॅबिनेट नसेल तर काचेवर बुरशी धरते, आणि मग विकतानाही भाव पडतो.

प्रिंटचं म्हणाल तर २० हजारांच्या प्रिंटमधून गॅलरीचे ४० टक्के गेले, छपाई आणि फ्रेमचे ५ हजार गेले, हातात ७ हजार. महिन्याला दोन विकल्या तरी हप्ता निघत नाही.

पण तुम्ही कंसात जे लिहिलंय, ते वाचल्यावर कॅमेरा बाजूलाच राहिला. १२ लाख भरून २० वर्षांनी २२ लाख म्हणजे जेमतेम ४ टक्के. हीच रक्कम याच पद्धतीने पीपीएफमध्ये टाकली, मुदत वाढवून २० वर्षं ठेवली, तर आजच्या ७.१ टक्क्यांनी ३५ लाखांच्या घरात जाते. आणि पीपीएफला एखाद्या वर्षी ५०० रुपये भरले तरी चालतं. तुमच्या पॉलिसीचा हप्ता मात्र दरवर्षी ऑगस्टमध्येच येणार: शूट बंद, चवथीचा खर्च तोंडावर. दोन-तीन वर्षांत तो चुकतो, मग पॉलिसी सोडताना भरलेल्यातलेही पैसे कापले जातात. याला पेन्शन म्हणून विकणाऱ्याला तुमचा सीझन कधी असतो हे विचारावंसंही वाटलं नाही.

सुदैवाने कागद मिळाल्यापासून ३० दिवसांत पॉलिसी रद्द करता येते. पीडीएफ मेलवर आधी आली असेल तर दिवस तेव्हापासून धरा. एजंटला फोन करू नका, तो 'बघतो' म्हणत महिना घालवेल. अटी मान्य नाहीत असं लिहून, पॉलिसी क्रमांक घालून, मूळ कागद आणि रद्द केलेला चेक जोडून अर्ज थेट शाखेत द्या. पोच घ्या, त्याच दिवशी मेलही करा. मुद्रांक शुल्क, वैद्यकीय तपासणी झाली असेल तर तिचा खर्च आणि तेवढ्या दिवसांच्या विम्याचे पैसे कापून बाकी परत येतात.

आले की खर्चू नका. ते अजून तुमचे नाहीतच. एखादं लग्न मोडलं किंवा तुम्ही आजारी पडलात तर अ‍ॅडव्हान्स परत द्यावा लागेल. वेगळं बचत खातं उघडा, अ‍ॅडव्हान्स तिथे ठेवा, आणि त्या-त्या लग्नाचं शूट झालं की तेवढीच रक्कम तिथून काढा.