विचारा की! : तुर्की, कुर्दी आणि ज्यूसची पैज

प्रश्न : नमस्कार काका, मी सोलापूरच्या पूर्व भागात राहते, घरी आम्ही तेलुगू बोलतो. माझी मैत्रीण अक्कलकोटची, तिच्या घरी कन्नड. आम्हा दोघींना तुर्की सिरीयलचं येडच लागलंय, सबटायटल लावून बघतो, आणि मधनंच दुनिया, हवा, किताप, जेवाप, हेसाप असले शब्द कानावर पडतात, त्यामुळं ती म्हणते तुर्की आपल्या मराठी-हिंदीच्याच नात्यातली, आणि कुर्दी म्हणजे तुर्कीचीच गावठी बोली, पुण्याची मराठी आणि आपली सोलापुरी तसं. मला काय पटेना. एका ज्यूसची पैज लागलीय, तेवढं सांगा की.

उत्तर : ज्यूस तुझा. मैत्रिणीनं सगळं बरोबर उलटं धरलंय. आपल्या नात्यातली आहे ती कुर्दी, आणि तुर्की मात्र अगदी वेगळ्या घराण्यातली. कुर्दी ही इराणी शाखेतली भाषा, फारसीची जवळची, म्हणजे लांबून का होईना मराठीची चुलत बहीणच. तुर्कीची भावंडं म्हणजे अझरबैजानी, तुर्कमेन, उझबेक, कझाख वगैरे. विश्वास बसत नसेल तर आकडे म्हणून बघ. कुर्दी : येक, दु, से, चार, पेंज, शेश, हेफ्त, हेश्त, नेह, देह. आता तुर्की : बिर, इकी, उच, दोर्त, बेश, आल्ती, येदी, सेकिझ, दोकुझ, ओन. दहापर्यंत मोजलं तरी निम्मी पैज मिटते.

मग ते दुनिया, हवा, जेवाप कुठनं आले? ते मुळात अरबी शब्द. तुर्कीनं उस्मानी काळात अरबी-फारसीतनं पोत्यानं शब्द उचलले, आणि आपल्याकडं बहामनी, आदिलशाहीत फारसी दरबाराची भाषा होती तेव्हा तेच शब्द मराठीत शिरले, म्हणून आपला हिशेब आणि त्यांचा हेसाप एकच. पण एकाच दुकानातनं माल घेतला म्हणून दोन गिऱ्हाइकं भाऊ-भाऊ होत नाहीत. तुझ्या घरच्या तेलुगूतसुद्धा पुस्तकम्, समयम् असे संस्कृत शब्द ढीगभर आहेत, तरी तेलुगू द्राविडीच ना?

नातं खरं कळतं ते वाक्य कसं बांधलंय त्यावरनं, आणि इथं कुर्दीची जी मजा आहे ती मला स्वतःला फार आवडते. मराठीत 'तो सफरचंद खातो' म्हणतो, पण भूतकाळ आला की 'तो'चा 'त्यानं' होतो आणि क्रियापद कर्त्याला सोडून सफरचंदाच्या मागं लागतं, एक असेल तर खाल्लं, चार असतील तर खाल्ली. कुर्मांजी कुर्दीत, म्हणजे तुर्कस्तानातले बहुतेक कुर्द बोलतात त्या बोलीत, अगदी हेच होतं. 'मी' म्हणजे एझ, पण भूतकाळात त्याचा मिन होतो. मिन सेवेक ख्वार म्हणजे मी एक सफरचंद खाल्लं, आणि अनेक असतील तर मिन सेव ख्वारिन, बघ क्रियापद बदललं की नाही! तुर्कीत बेन एल्मा येदिम, एक खा नाहीतर टोपलीभर खा, येदिम ते येदिमच, खाणाऱ्याशी बांधलेलं.

लिंगाचंही तसंच. कुर्मांजीत माझा मुलगा कुरे मिन आणि माझी मुलगी केचा मिन, मधला जोड बदलतो, आपल्या माझा-माझीसारखा. तुर्कीत लिंग नाहीच, तो, ती, ते सगळ्यांना एकच 'ओ', म्हणून तर सबटायटलवाले कधीकधी गोंधळ घालतात.

तुर्कीचा खरा तोरा प्रत्ययांत आहे. एव म्हणजे घर, एवलेर घरं, एवलेरिमिझ आमची घरं, एवलेरिमिझदे आमच्या घरांमध्ये, एकाला एक जोडत जायचं. आणि स्वरांची सोयरीक जमवायची, एवला लेर लागतं पण ओदा म्हणजे खोलीला लार, ओदालार. मैत्रिणीला सांग, तुमच्या कन्नडमधलं मने, मनेगळु, मनेगळल्लि (घर, घरं, घरांमध्ये) आठवून बघ, जोडायची रीत केवढी सारखी आहे. (लगेच तुर्की-कन्नड बहिणी म्हणून फॉरवर्ड करू नका ओ, रीत सारखी आहे, नातं सिद्ध झालेलं नाही.)

कुर्दी म्हणजे काही एकच साचा नाही हेही सांगून ठेवतो. इराक-इराणकडं सोरानी चालते, ती अरबी वळणाच्या लिपीत लिहितात आणि तिच्यात लिंगभेद गळालाय, कुर्मांजीवाल्याला ती सवय नसली तर नीट कळत नाही. आणि 'गावठी तुर्की' ही कल्पना काही तुझ्या मैत्रिणीच्या डोक्यातनं निघालेली नाही, तुर्कस्तानात कित्येक वर्षं सरकारीच भाषा होती की कुर्द असे कोणी नाहीतच, ते 'पहाडी तुर्क'.

प्रश्न : नवरोझ हा शब्द इंटरनेटवर कुठं व्ही घालून तर कुठं डब्ल्यू घालून दिसतो. टायपिंगची चूक आहे का? (एक वाचक, विजापूर रोड)

उत्तर : चूक नाही साहेब, त्या एका अक्षरावरनं खटले झालेत. १९२८ साली अतातुर्कच्या सरकारनं तुर्कीची अरबी लिपी काढून २९ अक्षरांची रोमन आणली, तिच्यात क्यू, डब्ल्यू, एक्स नाहीत. पुढं १९३२ मध्ये जेलादत अली बेदिरखान यांनी दमास्कसला 'हावार' मासिक काढून कुर्मांजीसाठी रोमन लिपी बसवली, ती दिसायला तुर्कीसारखीच, पण ही तिन्ही अक्षरं तिला लागतात, एक्स तर घशातल्या ख साठी. म्हणून नवरोझ, म्हणजे २१ मार्चचा नव्या वर्षाचा सण, कुर्द माणूस डब्ल्यूनं लिहितो आणि तुर्की सरकार व्हीनं. ही अक्षरं घातली तर पोराचं नावसुद्धा रजिस्टरला लागायचं नाही, ती बंदी उठवायची घोषणा २०१३ साली झाली. १९८३ च्या कायद्यानं तर कुर्दीत छापणं, प्रसारण करणं यालाच बंदी होती, तो कायदा १९९१ मध्ये गेला, आणि त्याच वर्षी खासदार लेयला झाना यांनी संसदेत शपथेनंतर एक वाक्य कुर्दीत बोलल्यावर केवढा गदारोळ झाला! १९९४ मध्ये त्या तुरुंगात गेल्या त्या २००४ लाच सुटल्या. आणि २००९ च्या १ जानेवारीला तुर्की सरकारचंच कुर्दी चॅनेल सुरू झालं. इराकात मात्र २००५ च्या राज्यघटनेनं कुर्दीला अरबीच्या बरोबरीनं राजभाषा केलंय.

प्रश्न : दोन्हीतली शिकायला सोपी कुठली?

उत्तर : ॲप, पुस्तकं, सिरीयली यांचा विचार केला तर तुर्की, साहित्य भरपूर मिळतं आणि नियमांना अपवाद कमी. कुर्दी शिकायची तर आधी कुर्मांजी की सोरानी ते ठरवा, नाहीतर लिपीपासनं सगळं वेगळं निघेल. व्याकरण मराठी माणसाला ओळखीचं वाटेल, पण शिकवणारं माणूस शोधावं लागेल.