काका, त्या पोराचं पुढं काय झालं हे तुम्हाला माहीत नाहीये, आणि तिथूनच सुरुवात करू

पत्र असं आहे:

ताई, नमस्कार. वय 61. 1984 ला भरती झालो, 2008 ला हवालदार म्हणून घरी आलो, मग बँकेत गनमन होतो, तेपण मागच्या वर्षी संपलं. 87 ते 89 श्रीलंकेत होतो, जाफना साइडला. पलटणीचं नाव लिहीत नाही. तिकडं एका गावाला पहाटे घेरा टाकून घरांची झडती चालली होती, आमच्या सेक्शननं एका घरातून सोळा-सतरा वर्षांचं पोरगं उचललं, पुढं चौकशीला पाठवायचं म्हणून. त्याची आजी असावी, म्हातारी, रस्त्यापर्यंत मागं मागं आली, माझा हात धरला, मी सोडवून घेतला. पोराचं पुढं काय झालं मला ठाऊक नाही. नोकरी, लग्न, पोरं, घर ह्यात इतकी वर्षं एवढं कधी आठवलं नाही, आणि आता रोज रात्री तीनला जाग येते. कॅन्टीनची बाटली महिनाभर पुरायची ती आठवड्यात संपते. 15 ऑगस्टला गावच्या शाळेत बोलवलंय, श्रीलंकेचे अनुभव सांगा म्हणतात, शाल-नारळ देणार. मला स्टेजवर चढायची लाज वाटते. मुलगा म्हणतो हुकूम होता, विसरून जा. खरं सांगितलं तर पलटणीचं नाव खराब, नाही सांगितलं तर मी खोटा. हे पाप आहे का आजार, तेवढं सांगा.
- एक माजी सैनिक, सातारा जिल्हा

काका, नमस्कार.

पहिलं म्हणजे तुमच्या मुलाचं म्हणणं मला अर्धंच पटतं. हुकूम होता हे खरंय, बावीस-तेवीस वर्षांच्या शिपायानं घेरा टाकायचा का नाही हे ठरवायचं नसतं आणि त्या काळात तिथं कुठल्या घरात कोण बसलंय हे कुणालाच कळत नव्हतं, पण म्हणून "विसरून जा" हे काही उत्तर होत नाही. विसरता आलं असतं तर तुम्ही मला पत्र कशाला लिहिलं असतं. हुकूम वरून आला होता, पण हात तुमचा धरला होता, आणि तो धरलेला हात तुम्हाला आज आठवतोय.

आता तुमचा प्रश्न, पाप का आजार. मी ह्याचे दोन भाग करते. तीनला जाग येणं, बाटलीचा हिशोब बिघडणं, माणसांसमोर जायला नको वाटणं, ह्याच्यावर इलाज आहे आणि तो करायचाच आहे, त्यावर खाली बोलते. आणि त्या म्हातारीची आठवण टोचते, तो आजार नाहीये, ते तुमचं मन जागं आहे. ते टोचणं गोळी घेऊन पूर्ण जाणार नाही आणि मला वाटतं ते पूर्ण जावं असं तुम्हालाही नकोय.

पण आत्ताच का, हा प्रश्न तुम्हाला पडला असणार. ह्यात नवल काही नाही. लढाईहून आलेल्या माणसाच्या मनावर जो मार राहतो त्याला डॉक्टरी पुस्तकात पीटीएसडी हे नाव मिळालं तेच 1980 साली, व्हिएतनामहून परतलेल्या अमेरिकन सैनिकांची हालत बघून बघून, आणि त्याच्याही आधीच्या दुसऱ्या महायुद्धातल्या सैनिकांमध्ये असं दिसलं की नोकरी-संसार चालू असताना ठीक होते आणि रिटायर झाल्यावर रात्री त्रास द्यायला लागल्या. तुम्ही आयुष्यभर ड्युटीवरच होता काका. पलटण सुटली तर बँकेचा दरवाजा, हातात बंदूक, सकाळी उठून दाढी, युनिफॉर्म. मागच्या वर्षी तो दरवाजापण संपला आणि पहिल्यांदाच तुम्ही रिकामे बसलात. धरणाचं पाणी खाली गेलं की बुडालेलं गाव दिसायला लागतं तसं झालंय हे, गाव काय नव्यानं बांधलं नाही कुणी.

अजून एक कारण आहे आणि ते तुमचं एकट्याचं नाही. 71 वाले आले तेव्हा मिरवणुका निघाल्या, कारगिलवाल्यांना तर टीव्हीनं घरोघरी नेलं. तुमचं काय झालं? 29 जुलै 1987 ला कोलंबोत भारत-श्रीलंका करार झाला, शांतिसेना म्हणून तुम्हाला पाठवलं, सुरुवातीला तिथल्या तमिळ लोकांनी हार घातले, आणि ऑक्टोबर उजाडेपर्यंत ज्यांच्यासाठी गेलात त्यांच्याच नावानं लढणाऱ्या एलटीटीई ह्या बंडखोर संघटनेशीच लढाई, ऑपरेशन पवन, सुरू. तुमच्या हातात एसएलआर रायफल, समोर एके-47, रस्त्यात पुरलेले सुरुंग, पोरासोरांच्या गळ्यात सायनाइडची कुपी. शत्रू कोण आणि शेतकरी कोण हे ओळखायचं कसं, हे सांगणारा तिथं कुणी नव्हता. जवळजवळ 1,200 जवान गेले आपले. 24 मार्च 1990 ला शेवटची तुकडी निघाली आणि मद्रासला उतरलेल्या सैन्याच्या स्वागताला तिथले मुख्यमंत्रीसुद्धा गेले नाहीत, म्हणजे ज्या लढाईबद्दल देशालाच बोलायचं नव्हतं त्या लढाईतून तुम्ही घरी आलात. घरी आल्यावर कुणी विचारलं का की काय बघितलंस रे? कुणाला माहीतच नव्हतं, "श्रीलंकेत आपली आर्मी कशाला गेली होती" असं विचारणारे लोक आजही भेटतात. मला ह्याचं खरंच वाईट वाटतं. न विचारलेली गोष्ट माणूस आतच ठेवतो.

तर आता ते पोरगं.

तुम्ही नक्की काय बघितलंत आणि नंतरच्या वर्षांत मनानं काय काय जोडलंय, हे वेगळं करायला लागणार. वही घ्या आणि जेवढं डोळ्यांनी बघितलं तेवढंच लिहा. पोरगं घरातून बाहेर आणलं. चालत होतं. म्हातारी आली, हात धरला, तुम्ही सोडवला. पोराला पुढं पाठवलं. बस, इथं तुमचं बघणं संपतं. त्यानंतर रात्री तीनला जे दिसतं ते तुमच्या मनानं भरलेलं आहे, आणि मन रिकामी जागा नेहमी सगळ्यात वाईट गोष्टीनंच भरतं. तो सुटला असेल, नसेलही सुटला, पुढं त्या देशात 2009 च्या मेपर्यंत युद्ध चाललं, त्यात कुठं काय झालं असेल हे तुम्हाला, मला, कुणालाच सांगता येणार नाही. मी तुम्हाला "तो नक्की सुखरूप असेल" असं खोटं सांगणार नाही. पण "तो मेला आणि माझ्यामुळं मेला" हेही तुम्ही स्वतःला खोटंच सांगताय. माहीत नाही, एवढंच खरं आहे. माहीत नसण्यासोबत राहणं फार अवघड असतं, मान्य, पण निदान शिक्षा तरी न केलेल्या गुन्ह्याची भोगू नका.

आणि हे एकट्यानं करायचं काम नाही. त्या सेक्शनमधले कोण हयात आहेत? एखादा तरी असेल कोल्हापुरात नाहीतर बेळगाव साइडला, तुमच्या मोबाईलमध्ये पलटणीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप असेल, गुड मॉर्निंगचे फोटो आणि ओआरओपीचे, म्हणजे वन रँक वन पेन्शनचे, मेसेज फिरत असतील. ग्रुपवर नको, एकाला सरळ फोन लावा. "अरे ती पहाट आठवते का तुला" एवढंच विचारा. कदाचित त्यालाही रोज तीनला जाग येत असेल. कदाचित तो म्हणेल सोड रे, तर सोडा, दुसऱ्याला लावा. तिथं होता त्याच्याशी बोलण्यात एक गोष्ट असते, काही समजावून सांगायला लागत नाही.

तिकडं जाऊन शोध घ्यावा असं मनात येत असेल तर माझं ऐका, आत्ता नको. जाता येतं, 2019 पासून जाफन्याजवळ पलालीला चेन्नईहून विमानं सुरू झालीत, माजी सैनिक जाऊनही येतात. पण 1995 ला जाफन्यातून लाखो लोक घरंदारं सोडून निघाले होते, ते घर, ती माणसं तिथंच असतील ह्याचा भरवसा नाही, आणि समजा सापडलीच तर त्यांच्या दारात जाऊन आपलं ओझं त्यांच्यापुढं उतरवायचं का हा मोठा प्रश्न आहे, तुमची झोप सुधारल्यावर शांत डोक्यानं विचार करायचा प्रश्न. कधी गेलातच तर कोलंबोजवळ संसदेच्या बाजूला आपल्या जवानांचं स्मारक आहे, काळ्या दगडावर नावं कोरलेली. दिल्लीतल्या राष्ट्रीय युद्ध स्मारकावरपण 2019 पासून ती नावं आहेत, तिथं जाणं तर सोपं आहे, मुलाला घेऊन जा.

आता शाळा. मला वाटतं तुम्ही जावं. शाल-नारळ घ्या, त्यात खोटं काही नाही, दोन वर्षं सुरुंगांच्या रस्त्यावरून चाललात त्याचा तो मान आहे आणि तो तुमचा आहे. आणि सगळं न सांगणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे, सहावी-सातवीच्या पोरांसमोर माणूस जेवढं पेलेल तेवढंच ठेवतो, आपण आपल्या नातवंडांशीही असंच वागतो ना. त्यांना सांगा नकाशावर जाफना कुठं आहे. ताडाची बनं सांगा, खाऱ्या पाण्याची खाजणं सांगा, अंगाला चिकटणारी गरमी सांगा, पाय टाकायच्या आधी जमीन कशी बघायची ते सांगा. मेजर रामस्वामी परमेश्वरन सांगा, मुंबईत वाढलेला माणूस, 8 महार पलटणीचा, 25 नोव्हेंबर 1987 च्या रात्री झडतीवरून परतताना त्यांच्या तुकडीवर हल्ला झाला, छातीत गोळी लागली असताना त्यांनी समोरच्याची रायफल हिसकावून त्यालाच पाडलं आणि शेवटपर्यंत आपल्या माणसांना ऑर्डर देत राहिले. ऑपरेशन पवनमधलं एकमेव परमवीर चक्र, आणि आपल्या पोरांना हे नावही माहीत नसतं. तुमच्या तोंडून ऐकलं तर राहील.

आणि एक वाक्य त्या म्हातारीसाठी ठेवा. "लढाई दोन फौजांची असते पण मध्ये साधी घरं सापडतात, म्हातारी माणसं सापडतात, ते मी डोळ्यांनी बघितलंय आणि मला अजून आठवतं." एवढंच. ह्यानं कुठल्याच पलटणीचं नाव खराब होत नाही, उलट फौजी माणूस असं बोलला तर पोरं जास्त नीट ऐकतात. कुणीतरी पोरगं उठून विचारणारच की किती जणांना मारलं, ते सगळीकडं विचारतात. त्याला रागवू नका, "बाळा, ह्याचं उत्तर मी देत नसतो" म्हणा आणि पुढच्याला घ्या. हेडमास्तरांना आधीच सांगून ठेवा की व्हिडिओ काढून नेटवर टाकायचा नाही, कारण तिथं एक वाक्य कापून कोण काय करेल सांगता येत नाही. आणि ऐन वेळी नकोच वाटलं तर झेंड्याला सलाम करून खाली या, कुणाला काही देणं लागत नाही तुम्ही.

बाटलीबद्दल मात्र मी कडक बोलणार. रमनं झोप लागते पण टिकत नाही, दारू उतरायला लागली की मध्यरात्रीनंतर झोप मोडते, तुम्हाला तीनला जाग येते त्यात तिचा वाटा नक्की असणार. पण रोज एवढी घेणाऱ्यानं एकदम बंद करायची नसते, हात कापतात, घाम सुटतो, कधी फीटपण येते, म्हणून डॉक्टरला विचारूनच कमी करायची. 2008 ला रिटायर झालात म्हणजे ईसीएचएसचं, माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं, कार्ड असणारच, साताऱ्याच्या पॉलिक्लिनिकमध्ये जा आणि बीपी-शुगर दाखवताना सरळ सांगा की झोप नाही, जुनं आठवतं, दारू वाढलीय, मानसोपचार तज्ज्ञाकडं रेफर करा. लाजू नका, गुडघा दुखतो हे सांगताना लाजता का? आठवणींसाठी बोलण्याची ट्रीटमेंट असते, लागलं तर गोळ्यापण असतात, आणि इतक्या वर्षांनंतरही उपयोग होतो. रात्री तीनला अगदीच सहन होईना तर 14416 हा टेली-मानसचा नंबर आहे, सरकारी, फुकट, मराठीत बोलता येतं, रात्रीही उचलतात. जगणं नकोसं वाटायला लागलं तर तीन वाजायचीही वाट बघायची नाही, मुलाला उठवायचं.

मुलानं हे वाचलं तर त्याला माझं सांगणं आहे. दादा, वडिलांना विसरायला सांगू नकोस. एखाद्या संध्याकाळी त्यांच्यासोबत शेताकडं चालत जा आणि म्हण, "आबा, ती म्हातारी, मला सगळं सांगा." मग मध्ये बोलू नकोस, हुकूम होता म्हणू नकोस, गुन्हा झाला असंही म्हणू नकोस, नुसतं ऐक. रडले तर रडू दे. आणि पॉलिक्लिनिकला सोबत तू जा, एकट्याला पाठवलंस तर ते बीपीची गोळी घेऊन परत येतील. 15 ऑगस्टच्या आधीची तारीख बघ.