'बुरिक्को' म्हणजे लाडिक का?

जपानी गायिका मात्सुदा सेइको हिच्याविषयी वाचताना 'बुरिक्को' हा शब्द वारंवार येतो. त्याला मराठीत 'लाडिक' म्हटलं तर चालेल का, असा प्रश्न आहे. माझ्या मते नाही. 'लाडिक' वागण्याची ढब सांगतो, ती खरी की आणलेली याबद्दल काही बोलत नाही. बुरिक्कोत सगळी गंमत त्या 'आणलेली'त आहे.

फोड करून पाहू. 'बुरु' हे दुसऱ्या शब्दाला मागून चिकटतं आणि 'आव आणणे' असा अर्थ देतं. 'गाकुशा' म्हणजे विद्वान, तर 'गाकुशाबुरु' म्हणजे विद्वत्तेचा आव आणणं. 'को' म्हणजे मूल, मुलगी. 'कावाइको' ही गोड, गोंडस पोरगी. तिचा आव आणणारी ती 'कावाइको-बुरिक्को'. पुढे शेपूट तेवढं उरलं. उच्चारताना क्क नीट जोर देऊन म्हणायचा.

शब्द गाजला तो 1980-81च्या सुमारास. 1980च्या एप्रिलमध्ये सेइकोची पहिली तबकडी आली. त्यातलं गाणं शिसेइदो कंपनीच्या 'एकुबो' या फेसवॉशच्या जाहिरातीत वाजलं. 'एकुबो' म्हणजे गालावरची खळी, आणि सेइकोला ती पडत नव्हती. म्हणून जाहिरातीत चेहरा दुसऱ्या मुलीचा आणि आवाज हिचा! पण तिचा चेहरा लवकरच घरोघरी पोचला. झालरींचे फ्रॉक, कानांवरून मागे उडवलेले थरांचे केस, लाजत-मुरडत बोलणं. त्या केसांना 'सेइको-चान कट' असं नावच पडलं आणि जपानभर मुलींनी तो कापून घेतला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्या काळची लाडकी गायिका यामागुची मोमोए टोकियोच्या बुदोकान सभागृहात शेवटचा कार्यक्रम करून निवृत्त झाली होती. मोमोएची ठेवण गंभीर, अकाली प्रौढ. तिच्यानंतर सेइकोचं हे बालिश गोडपण डोळ्यांत भरलं नसतं तरच नवल. टोमणा बसला: बुरिक्को. 1981मध्ये विनोदी कलाकार यामादा कुनिको हिने तर या प्रकाराची टर उडवणारी तबकडीच काढली.

आता मराठी. 'लाडूबाई' जवळचा वाटतो, पण लाडूबाईचे लाड इतर लोक करतात. बुरिक्को स्वतःच स्वतःला लाडावते. 'साळसूद'मध्ये सोंग आहे, पण पोटात काहीतरी काळंबेरं असल्याचा वास येतो. 'वेड पांघरून पेडगावला जाणे' यात सोंग पुरेपूर आहे, मात्र तिथे कुठलीतरी अडचण टाळायची असते. इथे टाळायचं काहीच नाही, उलट सगळ्यांनी बघायचं आहे. आणि बघणाऱ्यांनाही ते सोंग कळत होतंच. कळूनही ते तबकड्या विकत घेत होते. म्हणून या शब्दात हिणवणं आहे तसं थोडं कौतुकही आहे, निदान सेइकोच्या बाबतीत तरी. नाकामोरी आकिना ही दुसरी गायिका 1982मध्ये आली ती बंडखोर, धारदार रूप घेऊन. तेही घडवलेलंच होतं, पण तिला कुणी बुरिक्को म्हटलं नाही. गोडपणाचंच सोंग या शब्दाला चालतं.

तेव्हा सलग लेखात 'गोड भोळेपणाचा आव आणणारी' असं एकदा सांगून पुढे खुशाल बुरिक्कोच ठेवावं. 'बुरिक्कोपणा', 'बुरिक्कोगिरी' ही रूपं मराठीत सहज बसतात. मला दुसरं जास्त आवडतं, त्यात थोडा खट्याळपणा आहे.