१० मिमी प्लेटसाठी आणखी वॅट नकोत, बीम बदला

तुमची तक्रार अशी: रबाळ्याच्या शॉपमध्ये १० मिमी एमएस (साधं पोलाद) प्लेटचा बट जॉइंट (कडेला कड लावून केलेला जोड) १२ किलोवॅट फायबर लेसरने करताना स्पॅटर (वितळलेल्या धातूचे थेंब) उडतो, वेल्ड वरून खचतो, ब्लोहोल (गॅसच्या पोकळ्या) निघतात. आणि विक्रेता म्हणतो २० किलोवॅट घ्या. माझं स्पष्ट मत: अजिबात घेऊ नका.

तुमचं सेटिंग बघा. १०० मायक्रॉन फायबर, १५० मिमीचा कोलिमेटर (किरण समांतर करणारी लेन्स), ३०० मिमीची फोकस लेन्स. म्हणजे स्पॉट ०.२ मिमी, आणि दर चौरस सेंटिमीटरला जवळपास ३८ मेगावॅट! स्टीलमध्ये कीहोल (बीमने वितळलेल्या धातूत पडणारं खोल, वाफेने भरलेलं भोक) उघडायला साधारण १ मेगावॅट पुरतो. अरुंद तोंडातून वाफ जोरात सुटते आणि कडेचा वितळलेला रस सोबत उडवते. तोच स्पॅटर, आणि उडालेल्या रसाएवढा वेल्डमध्ये खड्डा. कीहोल मध्येच मिटलं की आत गॅस अडकतो. वॅट वाढवून यातलं काहीच थांबणार नाही.

आधी ६०० ची लेन्स लावून बघा. स्पॉट ०.४ होईल, तीव्रता साडेनऊ मेगावॅटवर येईल, तरी ती भरपूर आहे. खरी कमाई खोलीत: बीम क्वालिटी ४ मिमी-मिलिरेडियन धरली, तर रेले लांबी (फोकसजवळ बीम बारीक राहतो ते अंतर) अडीच मिमीवरून थेट १० मिमी होते. वेग थोडा उतरवावा लागेल. लेन्सचं हेड वेल्डपासून लांब गेल्याने कव्हर ग्लासही (लेन्ससमोरची संरक्षक काच) जास्त टिकेल.

पुढचा लेसर सोर्स घ्याल तेव्हा पैसे रिंग बीमवर घाला. मधला गाभा खोल जातो, भोवतीचं कडं कीहोलचं तोंड उघडं ठेवतं. स्पॅटरवर याहून चांगला इलाज मी पाहिलेला नाही. मात्र ते कडं सोर्सच्या खास फायबरमधून येतं, नुसतं हेड बदलून मिळत नाही.

प्लाझ्मा कटची कड तिरकी असते. ०.३ ची फट राहिली तर ०.२ चा स्पॉट सरळ आरपार जातो. कडा मशीन करून घ्या. परवडत नसेल तर लेसर-मिग हायब्रिड (लेसरसोबत वितळणाऱ्या तारेचं आर्क वेल्डिंग), जहाजबांधणीत तेच चालतं.

त्रास जुलैत वाढला म्हणालात. आपल्या ठाणे-बेलापूर पट्ट्यात तेव्हा दवबिंदू २५ अंशांच्या आसपास असतो. ऑप्टिक्स थंड करणारं पाणी २२ वर असेल तर हेडमध्ये दव धरणारच. मॅन्युअलच्या मर्यादेत ते २७-२८ वर न्या. कव्हर ग्लास काढून टॉर्च तिरका धरा: टाचणीच्या टोकाएवढा डागही तापतो आणि फोकस सरकवतो.

आणि १०७० नॅनोमीटरचा प्रकाश दिसत नाही, पण थेट डोळ्याच्या पडद्यावर जातो. त्याच तरंगलांबीचे गॉगल हवेत, वेल्डिंगची काच चालणार नाही.

लेन्स बदलल्यावर जॉइंट आडवा कापा, पॉलिश करून नायटलने (नायट्रिक आम्ल आणि अल्कोहोलचं मिश्रण) एच करा, म्हणजे वेल्ड उठून दिसेल, आणि फोटो टाका. ब्लोहोल मुळाशी आहेत की मध्यावर, ते दिसलं की फोकस किती खाली घ्यायचा ते सांगतो.