शून्यातून कारखाना उभा करणाऱ्याने गावाकडच्या भावाला धंद्यात वाटा द्यावा का?

प्रश्नाच्या तपशिलात आपण लिहिले आहे की आपण शेतकरी कुटुंबातून शहरात आलात, कोणाच्याही आधाराविना शून्यातून कारखाना उभा केलात, आणि आता गावी शेती पाहणारा थोरला भाऊ धंद्यात वाटा मागतो आहे. माझे उत्तर असे की वाटा द्यावा. किती टक्के द्यावा, हे मी सांगू शकणार नाही. त्यासाठी आपला सीए आहे. मला लिहावेसे वाटले ते आपल्या प्रश्नातल्या ‘शून्य’ या शब्दामुळे, कारण तो मीही पुष्कळ वर्षे मिरवला आहे.

माझे गाव भुदरगड तालुक्यातले. आयटीआयमध्ये टर्नरचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण करून मी शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत सात वर्षे दुसऱ्याच्या लेथवर काम केले आणि १९९३ साली एक जुना लेथ विकत घेऊन फाउंड्र्यांच्या कास्टिंगचे (ओतीव भाग लेथवर कातून देण्याचे) जॉबवर्क सुरू केले. पुढे एका सत्कारात ‘खिशात दमडी नसताना’ अशी माझी ओळख करून देण्यात आली, तेव्हा मी मान खाली घालून ऐकत राहिलो आणि सभेला तो विनय वाटला. वस्तुस्थिती अशी की त्या लेथचे पैसे उसाचे होते. दादाने लावलेला आडसाली ऊस सुमारे दीड वर्ष रानात उभा राहिला, साखर कारखान्याकडून आलेल्या बिलातून सोसायटीची वसुली वजा झाली आणि जी रक्कम उरली ती त्याने विहिरीवर मोटर बसवण्यासाठी राखून ठेवली होती. ती त्याने मला दिली. मोटर त्यानंतर चार वर्षांनी बसली आणि तोपर्यंत तो शेजाऱ्याच्या विहिरीचे पाणी घेऊन त्या बदल्यात पिकाचा हिस्सा देत राहिला.

जॉबवर्क स्थिरावल्यावर मी दर महिन्याला गावी पैसे पाठवू लागलो. माझ्या डायरीत ती नोंद ‘घरी मदत’ अशी असे. आई चार वर्षे अंथरुणावर होती, तिचे सर्व वहिनीने केले. त्या काळात मी मदतीची रक्कम वाढवली आणि मनाशी हिशोब चुकता झाला असे मानले. २००६ साली सीएनसी (संगणकाने चालणाऱ्या) यंत्रासाठी कर्ज काढताना बँकेने जामीनदार मागितला. दादा सातबारा घेऊन आला आणि जिथे बोट दाखवले तिथे सह्या करून गेला. कागदावर काय लिहिले आहे, हे त्याने विचारले नाही आणि मीही सांगितले नाही.

२००८ च्या अखेरीस वाहन उद्योगाची मागणी कोसळली. आमच्याकडे येणारी कास्टिंगची गाडी आठवड्यातून सहा वेळांवरून एकदा येऊ लागली आणि कर्जाचे हप्ते थकले. हप्ता ९० दिवसांहून अधिक थकला की खाते अनुत्पादित (एनपीए) ठरते, त्यामुळे बँकेने मुदतीआधीच मला आणि जामीनदाराला पत्रे धाडली. माझे पत्र माझ्या टेबलावर आले. दादाचे पत्र मात्र पोस्टमनने सोसायटीच्या कार्यालयात, ऊसबिलाची चौकशी करायला जमलेल्या लोकांदेखत त्याच्या हातात दिले, आणि ते इंग्रजीत असल्यामुळे सचिवाने मोठ्याने वाचून सर्वांसमोर त्याचा अर्थ सांगितला.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने तो कोल्हापुरात आला. पत्र प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी करून ठेवले होते. बंद यंत्रांच्या मध्ये स्टूल ओढून तो बसला आणि मी त्याला अमेरिकेतली मंदी, तिचा आपल्याकडच्या मालमोटारींशी असलेला संबंध, असे सगळे अर्धा तास समजावून सांगितले. त्याने ऐकून घेतले आणि म्हणाला, “तुझा धंदा बुडला तर कागदावर माझं नाव हाय. चालला तर न्हाई. ह्याला काय म्हंत्यात?” मी म्हणालो, “दादा, मी दर महिन्याला मदत पाठवतोच की.” त्यावर तो एवढेच म्हणाला, “मदत परक्याला करत्यात.” जेवायला न थांबता तो परतला.

त्याच्या प्रश्नाचे उत्तर मला पुढे वकिलाकडून मिळाले. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १२८ नुसार, करारात वेगळे काही ठरले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. म्हणजे पंधरा वर्षे माझ्या तोट्यात दादाचा शंभर टक्के वाटा होता आणि नफ्यात शून्य. आपल्या प्रश्नातले शून्य नेमके कुठे आहे, हे मला तेव्हा कळले. (पंधरा वर्षे म्हणताना मी उसाचे पैसेही धरतो, जामीन त्यातली शेवटची तीनच वर्षे होता.)

माझ्या मेहुण्याचे, म्हणजे पत्नीच्या भावाचे, मत वेगळे होते आणि आजही आहे. तो करसल्लागार असल्यामुळे घरातल्या सगळ्यांना त्याचे म्हणणे वजनदार वाटते. त्याचा युक्तिवाद असा की कुटुंब एकत्र आहे, एवढ्यावरून एका भावाने चालवलेला धंदा कुटुंबाचा ठरत नाही; तसा दावा करणाऱ्याने तो सिद्ध करावा लागतो, आणि दादाकडे एका ओळीचाही लेखी पुरावा नाही. शिवाय बँकांना जप्तीचे थेट अधिकार देणारा २००२ चा सरफेसी कायदा शेतजमिनीला लागू होत नाही, तेव्हा दादाला घाबरण्याचे कारणच नव्हते, असेही तो सांगत असे. हे दोन्ही मुद्दे कायद्याने बरोबर आहेत. परंतु सोसायटीच्या कार्यालयात ज्याचे पत्र वाचले गेले त्याला कायद्याचे अपवाद समजावून सांगणे हा शुद्ध कोडगेपणा आहे, असे मी त्याला तोंडावर सांगितले होते, आणि आज लेखी सांगतो.

शून्यातून उभे राहिलेले उद्योजक म्हणून आपल्याकडे लक्ष्मणराव किर्लोस्करांचे नाव घेतात. बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूर येथे १८६९ साली जन्मलेले लक्ष्मणराव मुंबईला चित्रकला शिकायला जाऊ शकले, ते थोरले बंधू रामुअण्णा पाठीशी उभे राहिले म्हणून. पुढे लक्ष्मणराव मुंबईत शिकवत असताना तिथून सायकली पाठवत आणि रामुअण्णा त्या बेळगावात विकत. १९१० साली औंध संस्थानात कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली, तेव्हा वसाहतीची व्यवस्थाही रामुअण्णांनीच पाहिली. पेढीचे नावच मुळी ‘किर्लोस्कर ब्रदर्स’ आहे. हे मी मेहुण्याला ऐकवले तेव्हा तो म्हणाला, “दाजी, तुमच्या दादांनी कधी सायकली विकल्या?” विकल्या नाहीत. त्याने ऊस विकला.

काम पुन्हा सुरळीत झाल्यावर, २०१० साली मी भागीदारी संस्था केली आणि दादाला २५ टक्के वाटा दिला. तो नावापुरता भागीदार राहील अशी माझी अपेक्षा होती. त्याने दर तीन महिन्यांनी येऊन वह्या उलगडायला सुरुवात केली. नफ्यातोट्याचे पत्रक त्याला समजत नसे, पण भंगाराच्या नोंदीवर त्याचे बोट थांबले. लेथवरून निघणारी लोखंडी कीस आम्ही एका भंगारवाल्याला देत होतो आणि त्याने सांगितलेले वजन मान्य करत होतो. आयुष्यभर उसाच्या काट्यावरून भांडलेल्या माणसाला हे सहन होणे शक्यच नव्हते. त्याने भरलेली गाडी दुसऱ्या वजनकाट्यावर न्यायला लावली आणि एका खेपेत ऐंशी किलोंचा फरक निघाला. मी अभियंत्यांच्या बैठकीत मायक्रॉनच्या, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या, गोष्टी करत होतो आणि माझ्या दारातून वर्षानुवर्षे अशा किती किलोंची चोरी झाली, याचा हिशोब आता लागणार नाही.

पुतण्यालाही मी कारखान्यात घेतले होते. दीड वर्षात त्याने तीन यंत्रे सोडली आणि एकही शिकला नाही, म्हणून त्याला काढले. दादा तीन महिने बोलला नाही, पण वह्या पाहायला येत राहिला. तेव्हा आपला भाऊ वाट्याबरोबर मुलासाठी खुर्चीही मागत असेल, तर ती देऊ नका.

आता काही सूचना, ज्या खरे तर आधी यायला हव्या होत्या. भागीदारीत प्रत्येक भागीदार संस्थेच्या सर्व देण्याला वैयक्तिकरीत्या बांधील असतो, म्हणजे वाटा देऊन मी दादाला जोखमीतून सोडवलेले नाही. ती जोखीम टाळायची असेल तर २००८ च्या कायद्याखाली मर्यादित दायित्व भागीदारीचा पर्याय तपासा. भागीदारीपत्रात नफ्याचे प्रमाण लिहिले नाही तर १९३२ च्या भागीदारी कायद्यानुसार ते समसमान धरले जाते, आणि तसे ठरवून ठेवलेले नसेल तर भागीदाराच्या मृत्यूने संस्था विसर्जित होते. संस्थेची नोंदणी सक्तीची नाही, परंतु नोंदणी नसलेल्या संस्थेला करारातून निर्माण झालेल्या येण्यासाठी बाहेरच्यांवर दावा लावता येत नाही, म्हणून ती करून घ्या. लघुउद्योगांना तारण आणि तिऱ्हाइताचा जामीन न घेता कर्ज मिळावे यासाठी २००० सालापासून पतहमी योजना आहे. भावाकडे सातबारा मागण्याआधी तिची चौकशी करा. मी केली नव्हती.

आणखी एक गोष्ट राहिली. ज्या रानात तो ऊस उभा होता ते रान १९८९ साली वडील गेल्यावर वारस नोंदीने आईच्या, आम्हा दोघा भावांच्या आणि आमच्या थोरल्या बहिणीच्या नावावर लागले होते. पुढच्याच वर्षी बहिणीने हक्कसोडपत्रावर सही केली आणि आम्ही तिला साडीचोळी दिली. भागीदारीपत्रात तिचे नाव नाही. दादाने ते सुचवले नाही, मीही काढले नाही. मेहुण्याने मात्र इतक्या वर्षांच्या वादात हा मुद्दा एकदाही माझ्यावर उलटवलेला नाही, आणि पुढेही उलटवेल असे वाटत नाही. तसलेच एक पत्र त्याने माझ्या पत्नीकडून लिहून घेतलेले आहे.