आकडे खरे होते, तरी?

प्रश्न : पाळकसाहेब, सलाम. मी आमच्या ख्रिस्ती मंडळीचा सेक्रेटरी. देवळाचे पत्रे बदलायचे म्हणून घरटी 3,000 रुपये ठरले होते. आठ महिने झाले, अकरा घरांचे पैसे आले नाहीत. शेवटी वैतागून मी मंडळीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नावानिशी यादी टाकली आणि खाली लिहिलं, ‘लग्नाला, मयतीला देऊळ लागतं, द्यायची वेळ आली की हात आखडतो.’ त्यातलं एक कुटुंब तेव्हापासून उपासनेला येत नाही. यादीतला आकडा न आकडा खरा आहे. दोन पंच म्हणतात, माफी मागा. बाकीचे म्हणतात, पुढाऱ्यानं एकदा माफी मागितली की त्याला कोणी विचारत नाही. मी काय करावं?
— एक सेक्रेटरी, राहुरी तालुका

उत्तर : सलाम, भाऊ. तुमच्या पत्रातला पत्र्यांचा हिशेब जागेअभावी इथे कापला आहे. तो पानभर होता. त्या कुटुंबाबद्दल मात्र तुम्ही एकच ओळ लिहिलीत, हे मला आधी दिसलं.

आकडे खरे होते, मान्य. बायबलातला दवेग अदोमी, शौल राजाचा चाकर, तोही खरंच बोलला होता. शौल तेव्हा दाविदाच्या जिवावर उठला होता. अहीमलेख याजकानं दाविदाला भाकर दिली, गल्याथाची तलवार दिली, हे त्यानं डोळ्यांनी पाहिलं आणि शौलाला सांगितलं. त्या खऱ्या बातमीवर नोब गावचे 85 याजक कापले गेले, आणि कापणारा हात दवेगाचाच होता. तेव्हा ‘मी खोटं काय बोललो?’ हे वाक्य तुम्ही आधी खिशात घाला.

आता बायबलातलं 1 राजे, अध्याय 12 उघडा. तुमचंच प्रकरण आहे, वर्गणीचं. शलमोन राजानं मंदिराला सात वर्षं घातली आणि स्वतःच्या वाड्याला तेरा. (पंच कमिटीत हे आकडे मोठ्यानं वाचून दाखवावेत अशी माझी जुनी इच्छा आहे.) त्याचा भार वेठीनं लोकांच्या मानेवर आला. मुलगा रहबाम शखेमला राज्याभिषेकाला आला तेव्हा लोक एवढंच म्हणाले, जू जरा हलकं करा, आम्ही तुमची चाकरी करू. त्यानं तीन दिवसांची मुदत घेतली. म्हाताऱ्यांनी सल्ला दिला, आज यांचा सेवक हो, यांच्याशी गोड बोल. बरोबर वाढलेल्या पोरांनी सांगितलं, ‘माझी करंगळी बापाच्या कमरेहून जाड आहे’ असं ठणकाव. बापानं चाबकानं मारलं, मी विंचवांनी मारीन म्हण.

बारकाईनं वाचलंत तर गंमत दिसेल. लोकांपुढं रहबाम विंचवांचं बोलला, करंगळीचं बोलला नाही. म्हणजे त्यालाही थोडी लाज होती. पण उरलेलं पुरेसं होतं. इस्राएलाच्या बारापैकी दहा वंश ‘आपापल्या डेऱ्यांकडे चला’ म्हणत उठून गेले. वेठीवरचा मुकादम अदोराम याला त्यानं पाठवलं, त्याला लोकांनी दगडमार केला आणि राजा रथात बसून यरुशलेमला पळाला. ते राज्य पुन्हा सांधलं नाही.

माझी सांगतो. 1986 साली नेवासा तालुक्यातल्या एका गावी मी नवा पाळक होतो. कापणीचा सण. उपासनेनंतर लोकांनी अर्पण केलेल्या वस्तूंचा लिलाव, तो मीच पुकारत होतो. भोपळे, पायलीभर बाजरी, कोंबड्या. एका म्हातारीनं एकच अंडं आणलं होतं. ते उंच धरून मी म्हणालो, ‘आजी, कोंबडी रजेवर गेली काय?’ सगळं देऊळ हसलं. लिलाव रंगला, मला शाबासकी मिळाली. त्या वर्षी पुढं चार महिने बाया पाणवठ्यावर आजीला ‘रजेवरची कोंबडी’ म्हणत होत्या, हे मला माझ्या बायकोनं घरी सांगितलं तेव्हा कळलं. अंडं तिनं शेजारणीकडून विकत घेतलं होतं.

मी तिच्या घरी गेलो. ती चुलीपाशीच बसून राहिली. म्हणाली, ‘साहेब, तुम्ही हसलात त्याचं काही नाही. गाव हसलं, ते तुम्ही हसवलंत.’ चहा दिला. बिनदुधाचा होता, पण दिला. पुढच्या कापणीच्या सणाला, लिलाव सुरू व्हायच्या आधी, मी सगळ्यांसमोर उभं राहून माझी चूक सांगितली. त्या टोपणनावाचं काय झालं म्हणाल, तर दोन-तीन जणींच्या तोंडून ते शेवटपर्यंत गेलं नाही.

म्हणून तुमच्या पंचांचं ‘कोणी विचारत नाही’ सोडा. यादी टाकणारे तुम्ही एकटे, पण खाली अंगठे किती जणांनी टाकले ते मोजा. तुम्ही सेक्रेटरी म्हणून लिहिलंत, म्हणून त्यांना बळ आलं. माफी त्याच ग्रुपवर, दोन-तीन ओळींत मागा. ‘जर कोणाचं मन दुखावलं असेल तर’ असं लिहू नका. दुखावलंय, तुम्हाला माहीत आहे. यादी आता पुसून उपयोग नाही, स्क्रीनशॉट निघालेले असणार. नंतर त्या घरी एकटे जा, पंचांचं शिष्टमंडळ नेऊ नका. पैशांचा विषय काढू नका. त्यांनी काढला तर म्हणा, खजिनदार बघतील. मत्तय 5 मध्ये प्रभू अर्पण वेदीपुढं ठेवून आधी दुखावलेल्या भावाकडे जायला सांगतो. तिथं अर्पण थांबतं, तर तुमचे पत्रेही महिनाभर थांबतील. पाऊस लागला तर बादल्या ठेवा.

आणि बाकीच्या दहा घरांतही जावं लागेल. ती उपासनेला येतात म्हणून त्यांना लागलं नाही, असं समजू नका.

प्रश्न : मी 22 वर्षांची आहे, शब्बाथ शाळेत, म्हणजे देवळातल्या मुलांच्या रविवारच्या वर्गात शिकवते. बायबलातल्या याकोबाच्या पत्रात 3:1 वाचलं, ‘पुष्कळ जण शिक्षक होऊ नका.’ सोडून देऊ का?
— एक ताई, संगमनेर

उत्तर : सोडू नकोस, बाळ. पुढचीच ओळ वाच: आपण सगळेच पुष्कळ चुका करतो. तिथं याकोबानं ‘आपण’ म्हणून स्वतःलाही धरलंय. येत्या रविवारी एवढंच कर. वर्गातल्या प्रत्येक लेकराचं नाव पाठ कर आणि त्याच नावानं हाक मार. जाड्या, काळू, बोबडी असं कोणी म्हणत असेल, तर ते तुझ्या वर्गात चालू देऊ नकोस.