प्रश्नोत्तरे : ‘लाय’ आणि ‘ले’

प्रश्न : ‘लाय’ आणि ‘ले’ या इंग्रजी क्रियापदांत माझे विद्यार्थी हमखास घोटाळा करतात. फरक कसा समजवावा? – एक शिक्षिका, वेंगुर्ले

उत्तर : ‘लाय’ म्हणजे पडून असणे, ते अकर्मक आहे. ‘ले’ म्हणजे ठेवणे किंवा पसरणे. ते सकर्मक असल्यामुळे त्याला कर्म लागतेच. किनाऱ्यावर होडी पडून असते तेव्हा ‘द बोट लाइज ऑन द सँड’, पण मच्छीमार वाळूवर जाळी पसरतात तेव्हा ‘दे ले द नेट्स ऑन द सँड’.

घोटाळ्याचे खरे मूळ भूतकाळात आहे, कारण ‘लाय’चे भूतकाळी रूपही ‘ले’ असेच होते. त्यामुळे ‘काल होडी वाळूत पडून होती’ यासाठी ‘द बोट ले’ हेच बरोबर ठरते, आणि जाळी पसरली असतील तर ‘लेड’ वापरावे लागते. तिसरी रूपे अनुक्रमे ‘लेन’ आणि ‘लेड’. खोटे बोलणे या अर्थाचे ‘लाय’ सर्वस्वी वेगळे. त्याचे रूप ‘लाइड’.

माझ्या मते सुरुवात मराठीपासूनच करावी. नारळ आपसूक पडतो आणि पाडेली (माडावर चढून नारळ उतरवणारा) तो पाडतो, हे मुलांना व्याकरण न शिकताही कळते. जुन्या इंग्रजीतही असाच स्वर बदलून प्रयोजक, म्हणजे क्रिया घडवून आणण्याचे, क्रियापद साधले जाई. ‘लाय’वरून ‘ले’, ‘सिट’वरून ‘सेट’, ‘फॉल’वरून झाड तोडून पाडणे या अर्थाचे ‘फेल’. मुले चुकली तर रागावू नये, कारण जन्माने इंग्रजी बोलणारेही येथे सर्रास चुकतात. वाक्य लिहिण्यापूर्वी ‘काय ठेवले?’ असा प्रश्न विचारायला लावावे. उत्तर मिळाले तर ‘ले’, न मिळाल्यास ‘लाय’.